इसिडोर सरांची बंद यादी

नीलम घाडीला रक्तपेढीत नोकरी लागली ती तिच्या अक्षरामुळे. बारावी झालेली, टायपिंगची एक परीक्षा पास आणि दुसरी नापास, अशी ती १९९८ साली घाटकोपर पश्चिमेच्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीत मुलाखतीला गेली. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिला एका रक्तदात्याचं कार्ड समोर ठेवून दुसऱ्या कार्डावर उतरवायला सांगितलं. उतरवलेलं कार्ड त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि शेजारच्या बाईंना म्हणाले, "हिचा पाच आणि सहा वेगळा दिसतो. हिला उद्यापासून बोलवा."

तिचे वडील कणकवलीकडचे. गिरणी बंद पडल्यावर भांडुपच्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाले होते. संध्याकाळी तिने सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अक्षरान तारल्यान तुका."

पुढची चार वर्षं नीलमने कार्डं लिहिली. नाव, पत्ता, रक्तगट, वजन, हिमोग्लोबिन, शेवटचं रक्तदान कधी. एखाद्या हॉस्पिटलातून दुर्मीळ गटाच्या रक्ताची मागणी आली की लाकडी खणातून त्या गटाची कार्डं काढायची आणि आज कोणाला फोन करता येईल ते ठरवायचं. पुरुषाला तीन महिने झालेले हवेत, बाईला चार. वय पासष्टच्या आत. हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर. परगावी गेलेला नको. मागच्या वेळी चक्कर आलेला शक्यतो नको. हे सगळं तिला कोणी एका जागी बसवून शिकवलं नव्हतं, ते तिच्या बोटांत उतरलं होतं. मुंबईत प्रथम सापडला म्हणून ज्याला 'बॉम्बे ग्रुप' म्हणतात, त्या अतिदुर्मीळ गटाच्या लोकांची कार्डं वेगळ्या डब्यात असत. त्या डब्यातली नावं तिला पाठ होती.

२००२ मध्ये कॉम्प्युटर आले आणि त्यांच्याबरोबर इसिडोर कोरिया आले. मरोळ गावठाणातले, उंच, खांद्यात किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम चार रंगांची पेनं. रक्तपेढीचा सगळा कारभार डेटाबेसमध्ये आणायचं काम त्यांच्याकडे होतं. पहिला महिनाभर त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. नीलमच्या शेजारी स्टूल टाकून बसायचे आणि ती कार्ड बाजूला काढली की विचारायचे, "हे का?" ती परत ठेवली की विचारायचे, "हे का नाही?" पहिले दोन दिवस तिला वाटलं, हा माणूस आपल्या चुका काढायला बसलाय. तिसऱ्या दिवशी तिने त्यांची वही बघितली. तिने दिलेलं प्रत्येक उत्तर त्यात निळ्या शाईत होतं.

त्या वहीवरून त्यांनी प्रोग्रॅम लिहिले. हे प्रोग्रॅम डेटाबेसच्या पोटातच साठवलेले असत. पिशवीची मुदत संपली की बाजूला काढणारा एक, शिबिराची यादी करणारा एक, असे शेकडो. त्यातला इसिडोरांचा सर्वांत लाडका होता तो 'हाक यादी'. गट सांगितला की आज कोणाला हाक मारता येईल त्यांची नावं तो काढून द्यायचा. नीलम चार वर्षं हाताने करत होती तेच काम.

दुपारी जेवण झालं की ते तिला शिकवायला बसत. टेबल म्हणजे काय, प्रश्न कसा विचारायचा, प्रोग्रॅम कसा वाचायचा. ती म्हणायची, "सर, मला इंग्लिश धड येत नाही." ते म्हणायचे, "हे इंग्लिश नाही गं. हे हुकूम देणं आहे. तू घरी भावांना देतेस तसे."

दहा वर्षांत ती डेटाबेसचं रोजचं सगळं बघायला लागली. बॅकअप घेणं, अडकलेलं सोडवणं, किरकोळ दुरुस्त्या. हुद्दा मात्र सीनियर असिस्टंट राहिला. त्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, "मी फक्त बटणं दाबते. लिहिलंय सगळं कोरिया सरांनी."

मग २०१२ आलं. ट्रस्टने कॉम्प्युटरचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं ठरवलं. एका सल्लागाराने अहवालात लिहिलं की इथली व्यवस्था एका माणसाच्या डोक्यात आहे आणि ती जुनाट आहे. इसिडोरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि मनोरीला बायकोच्या गावी राहायला गेले. ते गेल्यावर आठवड्याने कळलं की जाण्याआधी त्यांनी 'हाक यादी' सील केली होती. म्हणजे प्रोग्रॅम चालायचा, पण उघडून बघितलं तर आत अक्षरांचा नुसता चुरा. साधा, वाचता येणारा मूळ मजकूर कुठेच ठेवलेला नव्हता.

सगळे म्हणाले, सूड घेतला. नीलमला ते इतरांपेक्षा जास्त लागलं. ज्या यादीतला प्रत्येक नियम तिने सांगितला होता, ती यादी त्यांनी तिच्यापासूनही बंद केली होती. तिने त्यांना फोन केला नाही. त्यांनीही केला नाही. बघता बघता तेरा वर्षं गेली.

२०२५ च्या फेब्रुवारीत डेटाबेस अपग्रेड करायचं ठरलं. जुन्या आवृत्तीला आता कोणी आधार देत नव्हतं. कंत्राटी कंपनीकडून सुबोध नावाचा पस्तिशीचा इंजिनिअर आला. शांत, कामाला वाघ, दर तासाला चहा. गुरुवार निवडला, कारण गुरुवारी शिबिरं नसतात. सकाळी आठ ते दुपारी चार डेटाबेस बंद आणि तेवढा वेळ सगळं काम कागदावर. नीलमने आदल्या दिवशी रजिस्टरं आखून ठेवली होती. काउंटरवरच्या नव्या मुलींना तिने पिशवीवरचं लेबल हाताने कसं लिहायचं ते दाखवलं. पाच आणि सहा वेगळे काढा, एवढंच दोनदा बजावलं.

आणखी एक गोष्ट तिने केली होती. अपग्रेडच्या आधी, आत्ता ह्या घडीला कोणकोणते प्रोग्रॅम नादुरुस्त आहेत, त्याची यादी छापून ड्रॉवरमध्ये ठेवली होती. चार नावं होती. सगळी जुनी, कोणी न वापरणारी.

अपग्रेड दीड वाजता संपलं. सुबोधने पहिलीच तपासणी केली आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. सहाशे बारा प्रोग्रॅमांपुढे 'अवैध' असा शिक्का पडला होता.

मागे उभ्या असलेल्या डॉ. श्रुतिका मयेकर, रक्तपेढीच्या प्रमुख, एकदम पुढे आल्या. "हे काय? सगळं गेलं?"

"नाही मॅडम," नीलम म्हणाली. "खालचा पाया बदलला ना, त्यामुळे डेटाबेस म्हणतो, ह्यांच्यावर माझा आत्ता भरवसा नाही, परत तपासून द्या. एकेक प्रोग्रॅम पुन्हा वाचून घ्यायचा, ज्याच्यावर दुसरे अवलंबून आहेत तो आधी. एका हुकमात होतं."

"आणि नाही केलं तर?"

"तरी ज्याची गरज लागेल तो वापरताना आपोआप तपासला जातो. पण काउंटरवर माणूस उभा असताना ते व्हायला नको. आणि खरोखर बिघडलेला असेल तर तो तेव्हाच कळेल. त्यापेक्षा आज कळलेलं बरं."

सुबोधने हुकूम दिला. आकडा उतरू लागला. चारशे, दोनशे नव्वद, एकशे दहा. वीस मिनिटांनी नऊवर थांबला. त्याने पुन्हा एकदा चालवला. पाच.

"पाच म्हणजे काहीच नाही," सुबोध म्हणाला. "एवढे सगळीकडे राहतात. पुढे जाऊया."

नीलमने ड्रॉवरमधला कागद काढला. "चार जुने आहेत. पाचवा काल चांगला होता."

पाचवा म्हणजे हाक यादी.

सुबोधने स्क्रीनवरचा एररचा संदेश वाचला. इसिडोरांनी आत एक जुनं फंक्शन वापरलं होतं, अनेक नावं स्वल्पविराम देऊन एका ओळीत जोडणारं. ते कधी अधिकृत नव्हतंच, माहितीपुस्तिकेतही नव्हतं, पण त्या काळी सगळे वापरायचे. नव्या आवृत्तीतून ते काढून टाकलं होतं.

"उघडा असता तर दोन मिनिटांचं काम," सुबोध म्हणाला. "सील आहे म्हटल्यावर एकच उपाय. त्याच नावाचं फंक्शन आपण बनवू. ह्याला कळणारही नाही."

त्याने ते बनवलं. पुन्हा हुकूम दिला. चार. पावणेचारला डेटाबेस चालू झाला आणि काउंटरवरच्या मुलींनी रजिस्टरं मिटली.

तिथेच हे संपलं असतं. पण शुक्रवारी डॉ. श्रुतिकांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "मला एक सांगा. दुर्मीळ गटासाठी कोणाला बोलवायचं ते हा प्रोग्रॅम ठरवतो. त्याच्या आत काय आहे ते इथे कोणालाच माहीत नाही. उद्या तपासणीला कोणी आलं तर मी कशावर सही करू?"

"सील तोडणारी साधनं नेटवर मिळतात, मॅडम," सुबोध म्हणाला. "दहा मिनिटांत उघडून देतो."

नीलम म्हणाली, "ज्याने बंद केलं तो माणूस जिवंत आहे. त्याला न विचारता त्याचं कुलूप तोडायचं, मला बरं नाही वाटत."

"मग कंपनीकडून नवीन लिहून घेऊ," डॉक्टर म्हणाल्या.

"मी लिहिते."

हे वाक्य तोंडातून निघाल्यावर नीलमलाच नवल वाटलं. सुबोधने तिच्याकडे बघितलं, डॉक्टरांनीही. "ताई, जमेल?" डॉक्टरांनी विचारलं. ती म्हणाली, "प्रोग्रॅम लिहायला किती जमेल माहीत नाही. पण त्यात काय असायला हवं ते मला माहीत आहे."

तिला महिन्याची मुदत मिळाली.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. सहदेव लिफ्ट दुरुस्त करतो, मुलुंड-भांडुपच्या निम्म्या बिल्डिंगींच्या लिफ्ट त्याच्या हाताखालून गेल्या आहेत. तो म्हणाला, "दुसऱ्याने बसवलेली लिफ्ट चालू ठेवणं वेगळं, स्वतः बसवणं वेगळं. पहिल्यांदा बसवताना मलाही घाम फुटला होता."

"मग काय झालं?"

"मग काय, चालली लिफ्ट."

ती रोज दुपारी दोन ते चार बसायची. पहिला दिवस कोऱ्या स्क्रीनसमोर गेला. दुसऱ्या दिवशी तिने स्क्रीन बाजूला सारली आणि जुन्या कार्डांचा एक गठ्ठा मागवला. कार्डं टेबलावर पसरली आणि बावीस वर्षांची असताना निवडायची तशी निवडायला लागली. एक कार्ड बाजूला काढलं की वहीत लिहायची, का. परत ठेवलं की लिहायची, का नाही. चौथ्या दिवशी त्या वहीवरून प्रोग्रॅम लिहायला बसली. अडली की सुबोधला फोन करायची. तो सुरुवातीला उत्तर सांगायचा, नंतर म्हणायला लागला, "मॅडम, तुम्ही लिहा, मी फक्त बघतो."

नवव्या दिवशी डेटाबेसने प्रोग्रॅम न कुरकुरता वाचून घेतला, म्हणजे तो कंपाइल झाला. आता जुनी यादी आणि नवी यादी समोरासमोर काढायची. तिने एकेक गट घेतला. ओ निगेटिव्ह, दोन्हीकडे सारखी नावं. ए निगेटिव्ह, सारखी. एबी निगेटिव्ह, सारखी. शेवटी बॉम्बे ग्रुप.

जुन्या यादीत चौदा नावं. तिच्या यादीत सतरा.

आपलंच कुठेतरी चुकलं, असं ती धरून चालली. तिघांच्या तारखा तपासल्या, वय तपासलं, वजन, हिमोग्लोबिन. तिघंही सर्व नियमांत बसत होती. घाटकोपरच्या जया खरात. बोरिवलीचे ट्रेव्हर मिस्किटा. अंधेरीचे विकी साळुंके. तिघांनीही २०१० नंतर रक्त दिलेलं नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं की त्यांना त्यानंतर कोणी बोलावलंच नव्हतं.

त्या रविवारी ती मनोरीला गेली. मुलुंडहून लिंक रोडने बस, मालाडहून दुसरी बस मार्व्यापर्यंत, तिथून फेरीबोट. बोटीत पलीकडच्या कॉटेजांत सुट्टीला चाललेल्या मुलामुलींचा एक घोळका होता. तेरा वर्षांनी एखाद्याच्या दारात जाऊन पहिलं वाक्य काय बोलायचं, ते तिला बोट किनाऱ्याला लागेपर्यंत सुचलं नाही.

ते वाक्य बोलायची वेळ आलीच नाही. दार सरांच्या बायकोने, पर्पेच्युआ आंटीने उघडलं आणि आत वळून म्हणाली, "तुझी नीलम आली बघ." जणू गेल्याच आठवड्यात विषय निघाला होता.

इसिडोर कोरिया आता बहात्तर वर्षांचे होते. काचबिंदूने एक डोळा गेलेला, दुसऱ्याने थोडं दिसायचं. ते व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. नीलमचा आवाज ऐकल्यावर त्यांनी हाताने शेजारची खुर्ची चाचपून तिच्याकडे सरकवली. आंटीने चहा आणि फुगे आणून ठेवले. फुगे म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोल, हलके पाव. नीलमने एक घेतला आणि मग सगळं सांगितलं. अपग्रेड, सहाशे बारा, पाच, पाचवा कोणता, आणि तिने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम.

"तू लिहिलास?"

"हो. तुमच्यासारखा नाही. लांबलचक झालाय."

"आणि माझ्याशी जुळला?"

"तीन नावं सोडून."

इसिडोरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांनी ती तिन्ही नावं क्रमाने सांगितली. तिने सांगायच्या आधी.

"जया त्या वेळी चोवीसची होती," ते म्हणाले. "बॉम्बे ग्रुप, वजन बेताचं. दीड वर्षात आपण तिला चारदा बोलावलं आणि ती चारही वेळा आली. चौथ्या वेळी रक्त देऊन झाल्यावर माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, सर, मागच्या महिन्यात माझं मूल गेलं पोटातलं. फोन आला तेव्हा मला सांगता आलं नाही. तिकडे कोणीतरी मरतंय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? तुम्हीच बोलवू नका मला, सर. मला नाही म्हणता येत नाही."

व्हरांड्यापुढून कोणीतरी सुक्या मासळीची टोपली घेऊन गेलं आणि आंटीने त्याला हात केला. इसिडोर थांबले, मग पुढे बोलू लागले. ट्रेव्हर मिस्किटाला सुईची भयंकर भीती. आदल्या रात्रीपासून उलट्या व्हायच्या, तरी यायचा. विकी साळुंकेची कारखान्यातली नोकरी अशीच मधूनच उठून येण्यापायी गेली होती आणि त्याने ते कोणाला सांगितलं नव्हतं.

"मी त्या वेळच्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं, ह्यांना काही दिवस वगळूया का. ते म्हणाले, कोरिया, अख्ख्या मुंबईत असे मूठभर लोक, त्यातले तीन तुम्ही वगळणार? त्यांचंही चुकीचं नव्हतं. मी मान हलवली आणि घरी येऊन प्रोग्रॅममध्ये ह्या तिघांचे रक्तदाता नंबर टाकले. ह्यांना कधीच हाक मारू नये. असं कोडमध्ये नंबर लिहून ठेवणं किती वाईट काम, ते मीच तुला शिकवलं होतं."

"म्हणून सील केलं?"

"जाताना कळलं, बाहेरचे लोक येऊन सगळं वाचणार. त्यांना ते तीन नंबर दिसले असते आणि पहिल्या दिवशी पुसले असते."

"सगळे म्हणाले, तुम्ही सूड घेतला."

"म्हणू दे म्हटलं. सूड म्हटल्यावर आत कोणी बघत नाही." ते थोडं हसले. "तुलाही तसंच वाटलं?"

नीलमला खोटं बोलवेना. "हो. आणि मला वाटलं, तुमचा माझ्यावरही भरवसा नाही."

"तुला सांगितलं असतं तर तुलाही तेरा वर्षं खोटं बोलावं लागलं असतं. मला वाटलं, त्यापेक्षा रागावलेली बरी." मग त्यांचा आवाज उतरला. "पण मी केलं ते बरोबरच होतं असं समजू नकोस. मी तिथे असतानाच एकदा एका मुलीसाठी मागणी आली, बॉम्बे ग्रुपची. यादीतल्या कोणाचाच फोन लागेना. ते तीन नंबर माझ्या खिशात असल्यासारखे टोचत होते. पिशवी शेवटी दुसऱ्या शहरातून आली, मुलगी वाचली. पण ते दोन दिवस मी जेवलो नाही. ह्या आंटीला विचार."

आंटी म्हणाली, "मला वाटलं कावीळ झाली."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आता तू काय करशील त्या तिघांचं?"

नीलमने परतीच्या बोटीची वेळ बघितली, ओढणी सारखी केली. "विचारीन. त्यांनाच."

सोमवारी तिने डॉ. श्रुतिकांना सगळं सांगितलं, काही न लपवता. डॉक्टर ऐकून घेत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ताई, नियम करा. पण उघड करा. कोणाच्या मनातली गोष्ट प्रोग्रॅमच्या पोटात नको."

मग नीलमने रक्तदात्यांच्या नोंदीत एक नवा रकाना घातला: सध्या बोलावू नये. त्याच्या पुढे कारण, तारीख आणि कोणी सांगितलं ते. ही नोंद वर्षभरच टिकणार, वर्ष संपलं की फोन करून पुन्हा विचारायचं. आणि पहिल्या फोनचं पहिलं वाक्य काय असावं, तेही तिने काउंटरवरच्या मुलींना लिहून दिलं: तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, आम्ही दुसरीकडे बघू.

तिघांना मात्र तिने स्वतः फोन लावले. विकी साळुंकेचा नंबर बंद होता. शेजाऱ्याकडून कळलं, तो कधीचा कतारला गेला, बरं चाललंय. ट्रेव्हर मिस्किटा म्हणाला, "खरं सांगू? अजूनही नको. नुसतं तुमचं नाव ऐकून पोटात कसंतरी झालं." नीलम म्हणाली, "काही हरकत नाही, पुढच्या वर्षी विचारते. तेव्हाही नाही म्हणा." तो मोकळा हसला.

जया खरातने तिचं सगळं ऐकून घेतलं. तिची मुलगी आता अकरा वर्षांची होती, ती स्वतः एका शाळेच्या ऑफिसात काम करत होती. "मला वाटायचं, मी सरांना तसं बोलले म्हणून तुम्ही माझं नाव कायमचं काढलंत," ती म्हणाली. "मध्यंतरी दोनदा यायचं मनात आलं. पण लाज वाटली."

"लाज कसली?"

"मी स्वतःच नको म्हणाले होते ना."

"मग आता काय लिहू?"

"लिहा, विचारून बोलवा."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नीलमचा प्रोग्रॅम चालू झाला. सुबोध हजर होता. त्याने सील केलेली जुनी यादी काढून टाकली, त्या यादीसाठी बनवलेलं नकली फंक्शनही काढलं, आणि म्हणाला, "वर लिहिणाऱ्याचं नाव टाकायचं राहिलंय, मॅडम." नीलमने तिथे आधी कोरिया सरांचं नाव लिहिलं. मग खालच्या ओळीत स्वतःचं. तिचा हात कीबोर्डवर थोडा रेंगाळला, पण नाव तिने पुसलं नाही. उरलेले चार जुने, मेलेले प्रोग्रॅम डॉक्टरांच्या सहीने त्याच दिवशी काढले. सगळं पुन्हा एकदा कंपाइल केलं आणि अवैध प्रोग्रॅमांचा आकडा विचारला. शून्य आलं. नीलमने इतक्या वर्षांत तिथे शून्य कधी बघितलं नव्हतं. तिने ते मनोरीला फोन करून सांगितलं. इसिडोर म्हणाले, "माझ्या वेळी कधी तीनच्या खाली आलं नाही." मग विचारलं, "लांबलचक आहे म्हणालीस, किती ओळी?" तिने सांगितल्यावर ते म्हणाले की त्या तर त्यांच्या प्रोग्रॅमपेक्षा कमी आहेत.

जूनमध्ये ठाण्याच्या एका हॉस्पिटलातून बॉम्बे ग्रुपची मागणी आली. बाळंतपणाची केस, ऑपरेशन दोन दिवसांनी. नीलमने यादी काढली. वरची दोन माणसं गावाला होती. तिसरं नाव जया खरात. तिने फोन लावला आणि ठरवलेलं पहिलं वाक्य बोलली.

जया म्हणाली, "आज नाही जमणार, ताई. मुलीची शाळेत मीटिंग आहे. उद्या सकाळी दहाला आले तर चालेल?"

"चालेल," नीलम म्हणाली. "नाश्ता करून या."

फोन ठेवल्यावर तिने नोंद केली, वेळ घातली आणि ठाण्याला कळवलं. दुसऱ्या दिवशी जया दहाला पाच मिनिटं असताना आली. मुलगीही बरोबर होती. तिला शाळेला सुट्टी मारायला निमित्त हवं होतं. आई आत गेल्यावर ती काउंटरपाशी उभी राहिली आणि नीलमच्या स्क्रीनवर उघडलेला प्रोग्रॅम वाकून बघत म्हणाली, "हे तुम्ही लिहिलंय?"

"हो," नीलम म्हणाली. "ये इकडे. दाखवते."